रान, माळ आणि माझी फसलेली प्रश्नावली

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पाटोदा तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रश्नावलीची पायलट चाचणी घ्यायला गेले होते. अकरावीचा वर्ग, दुपारचे दोन, दोन पंखे आणि त्यातला एक बंद. चौदा विधानं होती, प्रत्येकापुढं एक ते पाच आकडे. पटत असेल तर पाचला गोल करायचा, अजिबात पटत नसेल तर एकला. निसर्गाशी आपण एकरूप आहोत असं वाटतं का, आपण त्याचाच एक भाग आहोत असं वाटतं का, या धर्तीची ती विधानं.

तिसऱ्या बाकावरच्या एका पोरानं हात वर केला.

"ताई, निसर्ग म्हंजे रान का?"

"हो, रान पण."

"मंग ते तर रोजचंच हाय की. शाळा सुटली की रानातच जातो. त्याच्यात एकरूप काय व्हायचं?"

वर्ग हसला. मीपण हसले, वहीत 'भाषा सोपी करावी' असं लिहिलं आणि पुढं गेले. त्या पोराचा प्रश्न भाषेचा नव्हताच, हे कळायला मला दोन तास लागले. त्या दोन तासांनी माझ्या सिनॉप्सिसचं निम्मं तिसरं प्रकरण खाल्लं.

तुमच्यापैकी बरेच जण पेटची किंवा सेट-नेटची तयारी करताय, काही जण विषय शोधताय. 'निसर्गाच्या सहवासाचा तरुणांच्या दृष्टिकोनावर परिणाम' हा विषय पर्यावरणशास्त्र, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र अशा सगळ्या विभागांत कुणी ना कुणी घेतंच, कारण तो ऐकायला गोड आहे आणि उत्तर आधीच माहीत असल्यासारखं वाटतं. मीही त्याच भरवशावर घेतला. म्हणून आधी या विषयात खरंच काय सापडलंय ते सांगते, मग ते आपल्या बीड जिल्ह्यात आणल्यावर कुठं अडकतं ते.

सगळ्यात जास्त सांगितला जाणारा अभ्यास रॉजर उलरिच यांचा, १९८४ साली 'सायन्स'मध्ये आलेला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या जुन्या नोंदी त्यांनी काढल्या. काहींच्या खोलीच्या खिडकीतून झाडं दिसत होती, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. वय, लिंग वगैरे जुळवून २३ जोड्या लावल्या. झाडं दिसणाऱ्यांना थोडं लवकर घरी सोडलं होतं आणि तीव्र वेदनाशामकं कमी लागली होती. अवघे ४६ रुग्ण, पण मांडणी नेटकी. कुणाला कोणती खोली मिळाली ते रुग्णाच्या आवडीवर ठरलं नव्हतं, हा त्यातला मुख्य गुण. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दुसरा अभ्यास बर्मन, जोनाइड्स आणि कॅप्लन यांचा, २००८ मधला. मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बर गावात ३८ जणांना एकदा झाडांच्या बागेतून आणि एकदा भर वस्तीतल्या रस्त्यावरून चालवलं. चालून आल्यावर ऐकलेले आकडे उलट्या क्रमानं म्हणायला लावले. बागेतून आल्यावर आकडे जास्त आठवत होते. इथं तोच माणूस दोन्ही रस्त्यांनी चालतो, त्यामुळं 'हा हुशारच होता' असं म्हणायला जागा राहत नाही. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. काही जण कडाक्याच्या थंडीत चाललेले. त्यांना मजा काही आली नाही, तरी फायदा दिसलाच.

यामागचा सिद्धांत रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याचा, १९८९ च्या त्यांच्या पुस्तकातला. थोडक्यात असा: अभ्यास, गाडी चालवणं, हिशेब या कामांत आपण जोर लावून लक्ष देतो आणि ते लक्ष थकतं. निसर्गात मन आपोआप ओढलं जातं, जोर लावावा लागत नाही, तेवढ्यात थकलेलं लक्ष विसावतं. त्यासाठी चार गोष्टी जुळून याव्या लागतात. रोजच्या रगाड्यापासून लांब असणं, सहज गुंतवून ठेवणारं काही समोर असणं, ती जागा एक वेगळं जगच वाटावी इतका तिचा पसारा असणं आणि आपल्याला जे करायचंय ते त्या जागी करता येणं.

पहिली अट पुन्हा वाचा. रोजच्या रगाड्यापासून लांब. आणि ज्याचा रोजचा रगाडाच रानात असतो तो?

माझे आई-वडील नऊ हंगाम ऊसतोडीला गेले. शिरूर कासार तालुक्यातलं आमचं गाव दिवाळीनंतर निम्मं रिकामं व्हायचं, अजूनही होतं. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जायचा आणि सांगली, कोल्हापूर, कर्नाटक, जिथं टोळी नेईल तिथं जायचं. मी आजीजवळ राहिले म्हणून शाळा टिकली. धाकटा भाऊ लहान होता, तो त्यांच्यासोबत जायचा. उसाच्या फडाजवळ पाचटाची कोपी, पहाटेची थंडी, अंगावर पाचटाचे ओरखडे, अंधारात सापाची भीती. निसर्गात घालवलेले तास मोजायचे म्हटले तर त्याच्याइतके तास कुठल्या शिबिराला गेलेल्या पोरानंही घालवले नसतील. त्याला विचारलं तर तो म्हणतो, "ऊस बघितला तरी हात खाजवतो."

हे मी भावूक होऊन सांगत नाहीये. यात संशोधनाचा एक सरळ प्रश्न आहे आणि तो दाखवायला मला २०१९ चा डेन्मार्कचा अभ्यास घ्यावा लागेल.

क्रिस्टीन एंगेमान आणि सहकाऱ्यांनी १९८५ ते २००३ दरम्यान डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या नऊ लाखांहून जास्त मुलांची माहिती सरकारी नोंदींतून घेतली. जन्मापासून दहा वर्षांपर्यंत ही मुलं कुठं राहत होती आणि घराभोवती किती हिरवळ होती, हे उपग्रहाच्या चित्रांवरून काढलं. ज्यांच्या बालपणी सगळ्यात कमी हिरवळ होती, त्यांच्यात पुढं मानसिक आजार होण्याचा धोका सगळ्यात जास्त हिरवळ असलेल्यांपेक्षा, आजारानुसार, ५५ टक्क्यांपर्यंत जास्त निघाला. आई-वडिलांची आर्थिक स्थिती, घराण्यातला आजाराचा इतिहास, शहर की खेडं, हे सगळं हिशेबात धरूनसुद्धा. एवढं मोठं सॅम्पल आपल्याला स्वप्नातही मिळत नाही.

आता उपग्रह हिरवळ मोजतो कशी? जिवंत पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि अवरक्त किरणं परत फेकतं. या दोन्हींच्या फरकावरून उणे एक ते अधिक एक असा एक निर्देशांक निघतो. एनडीव्हीआय हे नाव तुम्ही ऐकलं असेल. दाट झाडी असेल तर आकडा वर जातो, उघडी जमीन असेल तर शून्याजवळ येतो. डेन्मार्कसारख्या देशात हे ठीक चालतं, कारण तिथं बऱ्याचदा हिरवं म्हणजे बाग, कुरण किंवा जंगल.

हाच निर्देशांक घेऊन बीडला या. जिल्ह्यात वनाच्छादन तीन टक्केसुद्धा नाही. बालाघाटच्या रांगा, त्यावरचे माळ, तरवड, हिवर, बोरी, बाभळी, कुठं कुठं सीताफळाचं बन. इथल्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही या खडकाळ उतारांचंच देणं. पण हा सगळा भाग पावसाळ्याचे तीन-चार महिने सोडले तर वरून तपकिरी दिसतो. ऐन उन्हाळ्यात उपग्रहाला आपल्याकडं सगळ्यात हिरवं काय दिसतं? ऊस. बारा ते अठरा महिने शेतात उभा, खालून पाणी, वर दाट पानं.

म्हणजे या मोजपट्टीनं माझा भाऊ फडाशेजारच्या कोपीत राहत होता तेव्हा भरपूर निसर्ग लाभलेलं मूल होता. आणि नायगावच्या माळावर शेळ्या राखणारं पोर, ज्याच्या आजूबाजूला मोर, तितर, खोकड, घोरपड सगळं आहे, ते निसर्गाला मुकलेलं. पाटोदा तालुक्यातलं नायगावचं मयूर अभयारण्य १९९४ साली जाहीर झालं, सुमारे ३० चौरस किलोमीटरचं. एप्रिल-मेमध्ये तिथं गेलात तर पहिल्या नजरेला ओसाडच वाटेल. आपल्या देशातल्या अशा कितीतरी माळांची सरकारी कागदावरची ओळख पडीक जमीन अशीच आहे.

एंगेमान यांचा अभ्यास चुकीचा आहे असं मी म्हणत नाहीये. तो डेन्मार्कच्या जमिनीवर बरोबर आहे. चूक माझी होती. माझ्या पहिल्या आराखड्यात मी गावं निवडताना हाच निर्देशांक वापरणार होते, 'जास्त हिरवी गावं' आणि 'कमी हिरवी गावं' असे दोन गट करून. माझ्या आरएसीपुढं ते मांडलं आणि ते मंजूरही झालं. कुणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही की हे हिरवं कशाचं आहे. ऊसतोड कामगाराच्या घरात वाढलेली मी, आणि मला ते कागदावर दिसलं नाही. पेपर वाचून वाचून माणूस असा होतो.

बरं, हिरवळ सोडा, 'निसर्ग म्हणजे चांगलं' हे तरी धरून चालावं का? त्याच वर्गात मी एक मोकळा प्रश्न ठेवला होता: निसर्ग म्हटलं की पहिलं काय आठवतं, एका ओळीत लिहा. अपेक्षा डोंगर, झाडं, पक्षी यांची. ते आलंच. पण एका मुलीनं लिहिलं, 'टँकर.' या मुली-मुलांचं लहानपण २०१५-१६ च्या दुष्काळात गेलंय. मांजरा नदी या पाटोदा तालुक्यातच उगम पावते, त्याच नदीवरचं केज तालुक्यातलं धनेगावचं धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, ते २०१६ साली. आणखी एकानं लिहिलं, 'बिबट्या.' २०२० च्या नोव्हेंबरमध्ये शेजारच्या आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, सायंकाळी रानात जाणं बंद झालं. पुढं डिसेंबरमध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात गोळी घालून तो बिबट्या मारला गेला. ज्या पोरांनी ते दिवस पाहिलेत त्यांच्या मनात निसर्गाची ओढ आणि धास्ती एकाच जागी राहतात. माझ्या चौदा विधानांत धास्तीला खाना नव्हता.

आता दृष्टिकोनाकडं येते, कारण खरा विषय तो आहे. पर्यावरणासाठी आयुष्यभर काम करणारी माणसं तशी का झाली, हा प्रश्न लुईस चावला यांनी घेतला. अमेरिकेतल्या केंटकीतल्या आणि नॉर्वेतल्या मिळून ५६ कार्यकर्त्यांच्या त्यांनी सविस्तर मुलाखती घेतल्या, तो लेख १९९९ चा. उत्तरांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टी अशा: लहानपणी भटकलेली एखादी जागा, घरातलं एखादं माणूस, एखादी संस्था किंवा गट आणि आवडती जागा डोळ्यांदेखत नष्ट होण्याचा अनुभव. यातला घरातलं माणूस हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. जागा एकटी काही करत नाही. त्या जागेकडं बघायला लावणारं कुणीतरी लागतं.

आपल्या जिल्ह्यात याला शोभेलशी उदाहरणं आहेत. आमच्याच तालुक्यात तागडगावला सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे हे दांपत्य 'सर्पराज्ञी' हे वन्यजीव केंद्र चालवतं. जखमी, आजारी, आईपासून तुटलेले प्राणी-पक्षी तिथं येतात, बरे होतात, परत सोडले जातात. बीडजवळ पालवणच्या उजाड डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकारानं 'सह्याद्री देवराई' उभी राहिली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तिथं वृक्ष संमेलन भरलं. शाळांच्या सहली अशा ठिकाणी जातात. परत आल्यावर मुलं निबंध लिहितात, 'मला झाडं लावावीशी वाटली'. त्यातली किती मुलं खरंच बदलली हे निबंधावरून कळत नाही.

चावला यांच्या पद्धतीवर नेमका हाच आक्षेप घेतला जातो आणि तुमच्या व्हायवाला तो प्रश्न हमखास येईल. तुम्ही बदललेल्या माणसांनाच विचारलंत. त्याच डोंगरात, त्याच ओढ्यावर खेळून मोठे झालेले आणि पुढं वाळूचा ट्रॅक्टर चालवणारे त्यांचे मित्र कुठं आहेत? त्यांचंही बालपण तसंच होतं. मग फरक कशानं पडला? तुलनेचा गट नसेल तर एखादी गोष्ट सगळ्यांच्या आठवणीत असणं आणि ती कारण असणं यात फरक करता येत नाही. शिवाय माणूस आज जे आहे त्याला जुळेल असंच बालपण आठवतो.

यावर एक उपाय म्हणजे सर्वसाधारण लोकांना विचारणं. नॅन्सी वेल्स आणि क्रिस्टी लेकीज यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या शहरांत राहणाऱ्या २,००० प्रौढांची माहिती तपासली. अकरा वर्षांच्या आत रानावनात भटकणं, तंबू टाकणं, शिकार अशा 'रानटी' अनुभवांचा मोठेपणीच्या पर्यावरणविषयक दृष्टिकोनाशी ठळक संबंध दिसला. फुलझाडं लावणं, भाजीपाला काढणं अशा 'माणसाळलेल्या' अनुभवांचाही दिसला, पण कमी. वाचायला छान आहे. आता ही वर्गवारी घेऊन आपल्या पोरांकडं जा. पहाटे मोटार चालू करायला जाताना बांधावर मुंगूस दिसलं, शेळ्यांमागं डोंगरात गेलो, येताना बोरं खाल्ली, वाटेत मोराचं पीस सापडलं. यात रानटी कुठलं आणि माणसाळलेलं कुठलं? आपल्या भाषेतच ती भिंत नाही. 'बाप कुठाय?' 'रानात.' म्हणजे शेतात. 'रानात लांडगा दिसला.' तेही रानच. पोरानं पहिल्याच मिनिटाला मला हेच विचारलं होतं आणि मी वहीत 'भाषा सोपी करावी' असं लिहून मोकळी झाले.

आता त्या दोन तासांचं सांगते.

वर्ग संपला. एसटीला वेळ होता आणि फाट्यापर्यंत चालत जायचं होतं. तो पोरगा आणि त्याचा मित्र त्याच वाटेनं घरी निघाले होते. मधे माळाचा एक तुकडा लागतो, मुरूम आणि वाळलेलं कुसळी गवत. तिथं तो अचानक म्हणाला, "ताई, हिकडून या, तिकडून नको." का, विचारलं तर बोट दाखवलं. मला काहीच दिसेना. दोन पावलांवर मुरमात टिटवीची चार अंडी होती, दगडांत दगड वाटावीत अशी. टिटवी वर ओरडत घिरट्या घालत होती.

"लई वेळ थांबू नका. आपन थांबलो की कावळ्याला कळतं हितं काय तरी हाय."

पुढं चालताना मी विचारलं, तुला कसं माहीत अंडी तिथं आहेत? तर त्यानं दप्तरातून एक जुनी वही काढली. नववीपासून तो दरवर्षी टिटवीची अंडी कुठं आहेत ते लिहून ठेवतोय. ओढ्यात, बांधावर की माळावर. कारण त्याचा आजोबा म्हणायचा, टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस बरा होतो. आपल्याकडं हे सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. यानं ते तपासायचं ठरवलं. पाऊस मोजायला त्याच्याकडं काही नव्हतं, म्हणून गावचा पाझर तलाव पोळ्यापर्यंत भरला की नाही एवढंच लिहिलं.

"मग? खरं निघालं?"

"दोन वर्सं झाली. एकदा जमलं, एकदा नाय जमलं. औंदाचं तिसरं." थोडं थांबून म्हणाला, "आज्याला सांगितलं नाय अजून."

मी एसटीत बसून त्याची प्रश्नावली काढली. बेरीज केली. वर्गातल्या सगळ्यात कमी गुणांपैकी एक. एकरूप वगैरे सगळ्या विधानांना त्यानं एक आणि दोनला गोल केले होते. उलट एका मुलानं चौदाच्या चौदा विधानांना पाच दिले होते, उलट अर्थाच्या विधानांनासुद्धा. त्याला नंतर विचारलं तर म्हणाला, बाहेरून पाहुणे येणार आहेत, चांगलं लिहा, असं वर्गात आधीच सांगितलं होतं.

ही पायलट नसती आणि हाच खरा डेटा असता, तर माझ्या प्रबंधात तो वहीवाला पोरगा 'निसर्गाशी कमी जोडलेला' या गटात जाऊन बसला असता. गट म्हणून सरासरी काढली असती, टी-चाचणी लावली असती, पी व्हॅल्यू आली असती. कुणालाही काही कळलं नसतं. मलाही नाही.

ती मोजपट्टी वाईट नाही हेही सांगायला हवं. मेयर आणि फ्रँट्झ यांची २००४ ची ही चौदा विधानं जगभर वापरली जातात. पण ती अशा समाजात घडली जिथं निसर्ग ही घराबाहेरची, ठरवून जाण्याची जागा आहे. तिथं जवळीक वाटणं ही वेगळी भावना म्हणून ओळखता येते. जो त्यात उभाच आहे त्याला ती भावना वेगळी काढून दाखवता येत नाही, तो सरळ 'रोजचंच हाय' म्हणतो. शिवाय वयाचाही मुद्दा आहे. ब्रिटनमधल्या मोजण्यांत असं दिसलंय की निसर्गाशी जोडलेपण लहानपणी चांगलं असतं, पंधरा-सोळाच्या सुमारास घसरतं आणि विशीत हळूहळू परत चढतं. मी नेमका घसरणीच्या वयाचा वर्ग निवडला होता. त्या वयात आपल्याकडं नीटचा क्लास, पोलीस भरतीचं मैदान आणि मोबाईल हे सगळं एकदमच सुरू होतं.

माझ्या गाईड मॅडमना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "त्या मुलाचा दृष्टिकोन बदललाय असं तुला का वाटतं?" मी म्हटलं, मॅडम, तो आजोबांचं म्हणणं तपासतोय. ऐकलेलं खरं मानत नाहीये आणि खोटंही म्हणत नाहीये. त्या म्हणाल्या, "मग हे मोज. एकरूपता कशाला मोजतेस?"

मला यात दिशा मिळाली ती २०१७ च्या एका अभ्यासानं. रायन लंबर, माइल्स रिचर्डसन आणि डेव्हिड शेफिल्ड यांनी ब्रिटनमध्ये पाहिलं की निसर्गाशी जोडलेपण कोणत्या वाटांनी येतं. पाच वाटा निघाल्या: इंद्रियांनी घेतलेला अनुभव, भावना, सौंदर्य, अर्थ आणि करुणा. नुसती माहिती, नावं पाठ असणं, ही वाट त्यांना सापडली नाही. या निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. त्या वहीतली माहिती ही पाठ केलेली माहिती नाही. ती माळावर वाकून, वर ओरडणाऱ्या टिटवीचा राग सोसून आणि कावळ्यापासून अंडी वाचवत मिळवलेली आहे. इंद्रियं, करुणा आणि अर्थ तिन्ही तिच्यात आहेत. अशा माहितीला नुसती माहिती म्हणून बाजूला काढायचं का, हा आता माझ्या प्रबंधाचा प्रश्न आहे. चांगला प्रश्न असा परत येताना एसटीत सापडतो, लायब्ररीत क्वचित.

या बदलाची किंमत सांगायलाच हवी, कारण मेथडॉलॉजीच्या पुस्तकात ती नसते. टूल बदललं म्हणजे नव्यानं वैधता तपासणं, नव्यानं परवानग्या, आरएसीपुढं परत उभं राहणं. फेलोशिपचे सहा महिने त्यात जाणार. बरोबरच्या एका मित्रानं सल्ला दिला, "आहे तेच पुढं रेट, पेपर तर निघतील." त्याचं चूक आहे असं छातीठोक सांगायची माझी हिंमत नाही. त्याच्यावर घर आहे. मी बदलायचं ठरवलं, कारण मला त्या पोराला परत भेटायचंय आणि त्याला कमी गटात टाकून ते जमणार नव्हतं.

सध्या असं ठरलंय. हिरवळीचा निर्देशांक गावं निवडायला वापरणार नाही. वापरलाच तर जमीन कशाखाली आहे त्या नकाशासोबत, म्हणजे ऊस आणि माळ वेगळे ओळखता येतील. 'किती तास' याच्या जागी तीन प्रश्न येतील: रानात कशासाठी जाता, कुणासोबत जाता आणि तिथं स्वतःच्या मनानं थांबता येतं का. कामाला गेलेला आणि बघायला थांबलेला यांच्यातला फरक मला तिथं पकडता येईल असं वाटतं. ऊसतोडीला जाऊन आलेली मुलं वेगळा गट म्हणून घेणार आहे, आधीच्या आराखड्यात ती 'शाळाबाह्य' म्हणून गळूनच गेली होती. भीतीचे प्रश्न स्वतंत्र ठेवलेत. आणि दर दहा विद्यार्थ्यांमागं एकासोबत चालत फिरायचं, बोलत, जिथं तो नेईल तिथं. चालता चालता घेतलेली मुलाखत ही मान्य पद्धत आहे, संदर्भ भरपूर मिळतात, त्यामुळं आरएसीत अडचण येणार नाही अशी आशा.

यातही खोट आहे. जो मला फिरवायला तयार होतो तो मुळात रानाची आवड असलेला असणार. उलरिच यांच्या रुग्णांनी खोली निवडली नव्हती, माझी पोरं वाट निवडणार आहेत. त्यावर एकच तोड सुचतेय, कुणासोबत चालायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं आणि कंटाळलेल्या पोरासोबतही तितकंच चालायचं. फाट्यापर्यंत मोबाईल बघत येणाऱ्या पोराकडूनही काही कळेल.

वहीवाल्या पोराला मी परवा फोन केला. त्याच्या अभ्यासावर माझे आक्षेप सांगितले: तीन वर्षं फार कमी, तलाव एकच, आणि 'उंच' म्हणजे किती हे आधी ठरवलेलं नाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "उंच म्हंजे ओढ्याच्या वर किती हात ते मोजतो औंदा. पन ताई, पाच घरटी सापडली, दोन ओढ्यातच हायेत अन् तीन माळावर. मंग टिटवीचं नेमकं म्हननं काय धरायचं?"

मी म्हटलं, पाचही लिहून ठेव.